नक्कल माझ्या खणात होती

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलाला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही नेमकं एवढंच वगळून बाकीचं सगळं बोलते. तुम्ही माझे कोण? ओळखीचे ना पाळखीचे. म्हणूनच कदाचित तुमच्यापाशी जमेल — बघते.

माझं जुन्नरला कोर्टासमोर टायपिंगचं दुकान आहे. टायपिंग, झेरॉक्स, कोर्ट फीची तिकिटं, फायली आणि फुकटचा सल्ला. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, मी तर पायरीपाशीच संसार मांडला. सासऱ्यांच्या मशीनवर टाईप शिकले, आता कॉम्प्युटर आहे, पण बोटं तीच. तीस वर्षांत किती दावे, किती कैफियती, किती अर्ज ह्या बोटांखालून गेले त्याची मोजदाद नाही. नवे वकील अडले की हळूच येतात, काकू, ह्याला कुठला अर्ज लागतो हो? मी सांगते. मला ते आवडतं — हेही सांगून टाकते, कारण पुढे जे येणार आहे त्यात ह्या आवडीचाही हात आहे.

खटला हरलेला माणूस फाटकातून बाहेर येतो तो समोर बघत नाही. चहाच्या टपरीकडे बघतो, उगाच मोटारसायकलची चावी चाचपतो, मग माझ्या बाकावर येऊन बसतो आणि म्हणतो, आता? मी त्याला पाणी देते. सांगते, आधी नकलेचा अर्ज टाका, रडायचं ते नंतर. निकालाची सही-शिक्क्याची प्रत म्हणजे नक्कल, ती आजच्या आज मागा. निकालापासून तीस दिवसांत अपील वरच्या कोर्टात गेलं पाहिजे, आमच्याकडचं राजगुरुनगरला जातं. नक्कल तयार करायला कोर्टाला जेवढे दिवस लागले तेवढे तुम्हाला माफ — पण तेवढेच. अर्ज टाकायला तुम्ही उशीर केलात तर ते दिवस तुमच्या खात्यावर. तयार झालेली नक्कल तुम्ही उचलली नाहीत तर तेही तुमच्याच खात्यावर. वर जाऊन तीच रडकथा पुन्हा गायची नसते. खालचे साहेब कुठे चुकले, कुठला पुरावा त्यांनी धरलाच नाही, ते मुद्दे काढायचे असतात. आणि नक्कल हातात आली की पहिल्यांदा उलटी करून मागची बाजू बघायची. तिथं तीन तारखा असतात. मागितल्याची, तयार झाल्याची, दिल्याची. वरचं कोर्ट आधी त्या तारखा बघतं, मग तुमचं तोंड.

लोक फसतात ते इथंच. आमच्या भागात पक्की समजूत आहे की कागद हातात पडला, की तिथून पुढे तीस दिवस. बेल्ह्यापासून घाटघरपर्यंत कुणालाही विचारा, हेच सांगतील. मी ही समजूत किती जणांची मोडली असेल! कुणावर ओरडून, कुणाला बोटं मोजून दाखवून. एकीची मोडली नाही. ती माझी सख्खी धाकटी बहीण.

रंजना माझ्याहून चार वर्षांनी लहान. माहेर आमचं बेल्ह्याच्या अलीकडे. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. शेती बेताची, पण बैलांचा शौक दांडगा. बेल्ह्याचा बाजार असला की ते रंजनाला बरोबर न्यायचे. मला नाही, तिला. मी घरी आईच्या हाताखाली भाकऱ्या थापायचे. संध्याकाळी आबा परत आले की ओसरीवर बसून सगळ्यांना सांगायचे, रंजीनं आज बैलाच्या जबड्यात हात घातला राव, दात मोजले, व्यापारी म्हणतो जुळलेला हाय, आठी दात आल्यात, ही म्हणती सहादाती! आणि मोजलं तर सहाच! हे एवढं सांगताना आबांचा चेहरा कसा व्हायचा ते मला अजून दिसतं. मी शाळेत पहिली आले की ते म्हणायचे, बरं झालं. बास. बरं झालं.

ह्याला हेवा म्हणतात. मऊ शब्द आहे, साखरेत घोळवलेला. मी जळायचे. तिचे केस दाट म्हणून जळायचे, ती कुणाशीही पटकन बोलते म्हणून जळायचे, तिला शिव्या येतात आणि त्या दिल्या तरी लोक हसतात म्हणून जळायचे. आपल्या पाठच्या बहिणीवर एवढं जळता येतं? येतं. आणि वर तिची वेणी घालता येते, तिच्या लग्नात रडता येतं, तेही खरंच रडता येतं. हे दोन्ही एकाच पोटात राहतं, मी सांगते ना.

मला जुन्नरला दिली, तिला आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पुढे. आबा गेले. आणि मग वर्षभरात आमच्याकडे घरोघर होतं ते झालं — हक्कसोड. तुम्ही इकडचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. बाप गेला की बहिणींनी भावाच्या नावे आपला हिस्सा सोडायचा. पोरी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जाऊन सही-अंगठा करतात, भाऊ पुरणाचं जेवण घालतो, साडी-चोळी करतो, आणि माहेरचं दार उघडं राहतं. न सोडणारी बहीण म्हणजे भावाच्या उरावर बसलेली. आमचा एकुलता भाऊ भास्कर. त्यानं रंजनाला सांगितलं, सातबाऱ्याला वारसांची नावं लावायचीत. मी कागद वाचला होता. रंजनानं सही करायच्या आधी माझ्याकडे बघितलं. "ताई, वाचलं न्हवं तू?" मी म्हटलं, वाचलं. तिनं सही केली. मला मोरपंखी साडी आली, तिला डाळिंबी.

हीच ती कबुली, असं वाटलं असेल तुम्हाला. नाही. ह्यात मी एकटी नाही. आमच्याकडे थोरल्या बहिणी अशाच गप्प बसत आल्यात, आणि गप्प बसण्याला कुणी पाप म्हणत नाही. एवढंच असतं तर मी केव्हाच कुणाला तरी बोलले असते.

पुढे तिचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. सासरी दिरांनी तिला गोठ्याच्या कडेची खोली दिली, आणि मग गोठा वाढवायचा म्हणून तीही मागायला लागले. ती भास्करकडे गेली. मागणं केवढं, तर विहिरीखालच्या तुकडीत दोन खोल्या बांधू दे. एकरभराचीही नाही ती तुकडी, पण विहिरीचं पाणी पहिल्यांदा तिथं उतरतं. आबा तिथं बैल बांधायचे. भास्करनं कपाटातून हक्कसोडीचा कागद काढून तिच्यापुढे धरला. ती तशीच उठली, चहाही न घेता, आणि महिन्याभरात तिनं वकील गाठून दावा टाकला. सही फसवून घेतली, हिस्सा वेगळा काढून द्या.

वाटपाचा दावा म्हटला की सगळ्या वारसांना आत घ्यावं लागतं. म्हणून मीही आत. भास्कर प्रतिवादी नंबर एक, मी प्रतिवादी नंबर दोन. समन्स आलं ते माझ्याच दुकानात, ओळखीच्या बेलिफानं हसत हसत दिलं. भास्करचा फोन आला, ताई, तू मधी पडू नगं. मी पडले नाही. रस्ता ओलांडला की कोर्ट, पण मी एकाही तारखेला हजर झाले नाही. कोर्टानं माझ्याविरुद्ध एकतर्फी हुकूम केला आणि पुढे चाललं.

आणि ती? ती दर तारखेला यायची. घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर, एसट्या बदलत. उभी राहून, कधी शेळ्या-कोंबड्यांच्या गर्दीत. आली की पहिली माझ्या दुकानात, पिशवीतून माझ्यासाठी काहीतरी, घेवडा, नाहीतर तांदळाची पिठी. माझ्यावर राग? नावाला नाही. "तुझं आपलं दुकान हाय, सासरची मान्सं हायेत, तुला कसं जमंल," असं म्हणायची, मला समजून घ्यायची. मग पदर खोचून रस्ता ओलांडायची. फाटकात भास्कर आणि गावातली चार माणसं उभी असायची, ती त्यांच्या मधून जायची. कुणी खाकरायचं, कुणी थुंकायचं. ती "रामराम" करून जायची.

मी काचेमागून बघायचे. इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे दावे टाईप केले. माझ्या बापाच्या जमिनीसाठी एक ओळ टाईप करायची मला छाती झाली नाही. आणि ही सातवी शिकलेली बाई बापाचा हिस्सा मागत होती, भर रस्त्यात, मान वर करून. तुम्हाला वाटेल मला तिचा अभिमान वाटला असेल. मला वाटायचं, ही हरावी. अगदी हेच वाटायचं, ह्याच शब्दांत.

आणि ती हरली. साहेब म्हणाले, कागद नोंदणी केलेला आहे, सही कबूल आहे, फसवणुकीचा पुरावा पुरेसा नाही. दावा नामंजूर. ती माझ्या बाकावर येऊन बसली. मी पाणी दिलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, आधी नकलेचा अर्ज टाक. सवयीनं निघालं — तेवढं मात्र मी सरळ केलं. तिचा वकील म्हणाला होता, माझं काम इथवर, नक्कल घ्या आणि राजगुरुनगरला दुसरा चांगला बघा. मी अर्ज टाईप केला, तिची सही घेतली, नक्कल माझ्या हाती द्यावी असं खाली लिहिलं, तिकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन खिडकीत दिला. त्याच दिवशी.

परत आले तर ती डोळे पुसून भाकरी खात होती. म्हणाली, "वर जिंकू बघ ताई. जिंकलं की विहिरीखाली दोन खोल्या. एक माझी, एक तुझी. म्हातारपणी कुठं जायचं आपुन?"

मला तिच्या दानाची खोली नको होती. हे मी तिला बोलले नाही. मी म्हटलं, चटणी हवी का?

बाराव्या दिवशी नक्कल तयार झाली. खिडकीतल्या कारकुनानं हाक मारली, काकू, तुमच्या बहिणीची आलीय. मी सही करून घेतली. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी वाचायला बसले. वाचायची काही गरज नव्हती, पण निकाल वाचायची मला सवय आहे, लोक पेपर वाचतात तशी.

अठरा पानं. त्यात शेजारच्या पांडूतात्यांची साक्ष होती. आबांचा बांधाला बांध असलेला सोबती, रंजनानं त्यांना साक्षीला आणलं होतं. साहेबांनी त्यांचं बोलणं अवतरणात उतरवलं होतं आणि खाली लिहिलं होतं की ह्यावरून मयताचं वादीवर प्रेम होतं एवढंच दिसतं, हक्क शाबीत होत नाही. पांडूतात्या म्हणाले होते, मयत नेहमी बोलून दाखवीत की, 'विहिरीखालची तुकडी माझ्या रंजीची. माझ्यामागं हितं दिवा लावील तर तीच.'

मी ते पुन्हा वाचलं. पानं पुढे-मागे केली. माझं नाव शोधत होते मी, हो. होतं ना. पहिल्या पानावर होतं, आणि मग एका ओळीत, प्रतिवादी क्र. २ गैरहजर. आबांच्या तोंडी कुठं नव्हतं. दरमहा जुन्नरहून औषधं घेऊन जायचे ती मी. शेवटच्या दुखण्यात त्यांची धोतरं-अंथरुणं धुतली ती मी. आणि बापाचं प्रेम सरकारी शिक्क्यानिशी खरं ठरलं होतं ते तिच्यावर. मी हजारो नकला हाताळल्या, पण अशी नक्कल माझ्या हाती कधी आली नव्हती. कोर्टानं तिला जमीन नाही दिली. पण हे दिलं. आणि वर गेली असती तर जमीनही मिळाली असती — कारण मला कळत होतं, मला सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, की निकाल कच्चा आहे. तात्यांच्या साक्षीतच अजून एक वाक्य होतं, सहीच्या वेळी मी हजर होतो, कागद कुणी वाचून दाखवला नाही असं. साहेबांनी त्याचा विचारच केला नव्हता. अपिलाचा पहिला मुद्दा तयार होता.

मी नक्कल खणात ठेवली. जुने कार्बन पेपर आहेत त्याच्या खाली. विसरले नाही. ठेवली.

तिचा फोन दर तीन-चार दिवसांनी यायचा. "ताई, आली का गं नक्कल?" नाही अजून. "लई टाईम लावत्यात." हो ना, साहेबांची बदली आहे, कारकून कमी आहेत. मी कारणं किती छान द्यायचे! आणि एकदा, मला वाटतं तिसऱ्या आठवड्यात, ती म्हणाली, "बरं, घाई न्हाई म्हना. कागद हातात पडल्यावरच दिस मोजायचे न्हवं? तीस?"

मी म्हटलं, हं.

हा तो शब्द. शब्द तरी कसला, नुसता आवाज. मुलं झोपवताना आपण काढतो तसला. ह्या 'हं'साठी मी तुम्हाला इथवर आणलं.

तीस आणि बारा, बेचाळीस. बेचाळीसावा दिवस मला तारीखवार माहीत होता. त्या दिवशी मी काय केलं? दुकान उघडलं, उदबत्ती लावली. ओतूरकडचे एक गृहस्थ आले, बांधाचा दावा हरलेले, आणि म्हणाले, कागद मिळाल्यावर तीस दिवस आहेत ना? मी त्यांच्यावर खेकसले. कोणी सांगितलं तुम्हाला? पळा आधी खिडकीवर! ते पळाले. दुपारी परत येऊन पेढे देऊन गेले. मी एक खाल्ला. खण माझ्या गुडघ्याला लागत होता. कोर्ट सुटेपर्यंत वेळ होता, तिला फोन केला असता, गाडी करून राजगुरुनगर गाठलं असतं. पाच वाजले, सहा वाजले, मी शटर ओढलं. मला बरं वाटत होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण मी खोटं कशाला सांगू, बरं वाटत होतं.

अडीच महिने झाले तेव्हा ती म्हणाली, उद्या मी सोता येते आन् साहेबालाच इचारते. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी नक्कल टेबलावर काढून ठेवली होती. म्हटलं, बघ, कालच मिळाली. तिनं ती कपाळाला लावली.

राजगुरुनगरच्या वकिलानं अर्थातच आधी मागची बाजू बघितली. तिचा फोन आला. आवाजात राग नव्हता, गोंधळ होता. "ताई, वकील म्हंत्यात कागद कवाच दिलाय. तुझी सही हाय म्हंत्यात." मी म्हटलं, अगं ह्यांच्या ऑपरेशनच्या गडबडीत दुसऱ्याच फायलीत गेला असेल, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. ऑपरेशन झालं होतं हे खरं. पण निकाल लागायच्या आधीच ह्यांना घरी सोडलं होतं.

"असू दे गं," ती म्हणाली. "तू तरी किती बघशील."

उशीर झाला तरी दार एकदम बंद होत नाही. उशीर माफ करा म्हणून अर्ज देता येतो, फक्त राहिलेल्या दिवसांचा खरा खुलासा लागतो. वकिलानं सांगितलं, तुमच्या बहिणीचं प्रतिज्ञापत्र आणा, नक्कल माझ्याकडे राहिली, हिला ठाऊक नव्हतं, एवढं लिहून द्यायचं. साहेब समजून घेतील, पक्षकाराची चूक नाही. म्हणजे तिची जमीन वाचवायला माझ्या दोन ओळी पुरल्या असत्या, आणि त्या खऱ्या होत्या.

मी म्हटलं, रंजे, माझं दुकान कोर्टाच्या दारात आहे. नक्कल माझ्याकडून राहिली असं मी लिहून दिलं तर उद्या कोण वकील माझ्याकडे काम देईल? आणि मनात होतं ते वेगळंच. ऑपरेशनचे कागद जोडा म्हणाले असते, तारखा उघड्या पडल्या असत्या.  ती म्हणाली, "खरं हाय. तुझ्या पोटावर कशाला पाय. लिही, मी आजारी व्हते."

आणि मी लिहिलं. माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या बोटांनी. मी, वादी, सत्यप्रतिज्ञेवर कथन करते की, सदर कालावधीत मी आजारी होते. आयुष्यात तिनं शपथेवर एकच खोटं सांगितलं, ते मला झाकायला, आणि ते टाईप करताना मी तिच्या एका शब्दाचं व्याकरणही सुधारलं. डॉक्टरचा दाखला नव्हता. वरच्या कोर्टानं म्हटलं, दिवसांचा समाधानकारक खुलासा नाही. अर्ज नामंजूर, म्हणून अपीलही नाही. मुंबईला हायकोर्टात जाता येईल, वकील म्हणाला. ती म्हणाली, "आता बास."

ह्याला सात वर्षं झाली. विहिरीखालच्या तुकडीत भास्करच्या मुलानं पॉलिहाऊस उभारलंय. रंजना वारूळवाडीला एका खोलीत भाड्यानं राहते, हंगामात नारायणगावला टोमॅटो निवडायला जाते. सुट्टी असली की माझ्याकडे येते. बाकावर बसून तिकिटं चिकटवते, कागद टाचते, आणि हरून आलेल्या लोकांना सांगते, "ताईचं ऐका भाऊ, तिला कायद्याचं लई कळतं. माझंच नशीब फुटकं, न्हायतर तिनं काय कमी केलं?" लोक तिच्याशी दोन मिनिटांत हसायला लागतात. माझ्याशी तीस वर्षांत नाही हसले. आणि काय सांगू — अजून जळते मी. तिच्याकडे काही उरलेलं नाही, आणि मी अजून जळते.

गेल्या महिन्यात ती आली ती एका साडीच्या दुकानाच्या पिशवीत ती नक्कल घेऊन. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, दुसऱ्यानं बारीक अक्षर दिसत नाही. म्हणाली, "आबांचं ते वाच की. लई दिसांत ऐकलं न्हाई."

मी पान काढलं. मला ते शोधावं लागत नाही. मी वाचलं, मयत नेहमी बोलून दाखवीत की, 'विहिरीखालची तुकडी माझ्या —'

आणि मी 'रंजीची' म्हटलं नाही. माझ्या तोंडून आलं, 'पोरींची'. विहिरीखालची तुकडी माझ्या पोरींची.

पांडूतात्यांनी साक्ष दिली तेव्हा रंजना चार हातांवर बसली होती. तिनं ते कानांनी ऐकलंय, शब्दन् शब्द तिला पाठ आहे. ती माझ्याकडे बघत राहिली.  दिसत नसलेल्या डोळ्यानंही बघत होती असं मला वाटलं. मग तिनं माझ्या हातातून कागद घेतला, घडीवर घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "पोरींचीच."

जमीन गेली होती, तिच्याकडे बापाचं तेवढं एक वाक्य होतं. त्यातलाही अर्धा हिस्सा मी मागितला आणि तिनं सोडला. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. ह्या सगळ्याची मागची बाजू तिनं बघितली होती की नाही, कधीपासून बघितली होती, मला माहीत नाही. ती उठली आणि माझ्या खणातून टाचण्यांची डबी काढून कागद टाचायला बसली.